आधी वाळूच्या टेकड्या की आधी किनारा

दाजी,

काल तुमचा तेरावा झाला. लापशी जरा पातळ झाली होती, पण कुणी तक्रार केली नाही. तेराव्याच्या जेवणाला नावं ठेवायची नसतात, एवढी रीत तुमच्या भावकीला ठाऊक आहे. मांडवात बसलेल्या माणसांचं तुमच्याबद्दल दोन गोष्टींवर एकमत होतं. एक, माणूस लाखात एक. दोन, पळून पळून मेला. पहिलं सगळे मोठ्यानं म्हणाले. दुसरं हळू म्हणाले, पण मला ऐकू येईल इतपत.

ऐकू यावं म्हणूनच ते होतं. तुम्हाला पळायला लावलं ते मी. बारामतीत माझं मेडिकलचं दुकान, त्यामुळं नात्यातल्या प्रत्येकाचा रक्ताचा रिपोर्ट आधी माझ्या काउंटरवर येतो आणि मग डॉक्टरकडं जातो. तुमचाही आला होता. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, आणि तुम्ही काउंटरला रेलून माझ्या बरणीतल्या गोळ्या चघळत होतात. डॉक्टरांनी तुम्हाला चालायला सांगितलं. मी म्हणालो, "दाजी, चालून तुमचं काय हुनार? पळा." मेव्हण्यानं दाजीची थट्टा करायची असते, त्या हक्कानं बोललो होतो. तुम्ही ते मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं.

आता तुमच्या चुलत्यांचं, तात्यांचं म्हणणं असं. दहाव्याला घाटावर सगळ्यांसमोर ते म्हणाले, "कामधंद्याच्या मानसानं पळायचं काय कारन? मागं कुत्रं लागलंय का? ह्या मेडिकलवाल्यानं नाद लावला आन् घात झाला."  ज्या दिवशी तुम्ही गेलात, त्या दिवशी तुम्ही पळायला गेलाच नव्हता. पहिल्या पाळीवरून आला होतात, ओट्यावर चहा घेत बसला होतात, आणि कप हातातून पडला. दवाखान्यात डोक्यातली नस फुटली म्हणाले. हे सगळं मला सांगता आलं असतं. सांगितलं नाही, कारण घाटावर वाद घालणाऱ्या माणसाचं कुणी ऐकत नाही, आणि तात्यांचं मला फारसं काही वाटलंही नाही.

मला वाटत होतं ते अक्काचं. ती माझी सख्खी बहीण, पण दहाव्यापर्यंत ती माझ्याशी धड बोलली नव्हती. तात्या बोलले तेव्हा ती चार बायकांत खाली मान घालून बसली होती. तिनं मान वर केली नाही. तिलाही तसंच वाटतं का, की माझ्या भावानं, बापूनं, माझा नवरा पळवून मारला? हे मला विचारता येत नव्हतं. विचारलं आणि ती 'व्हय' म्हणाली, तर पुढं काय करायचं हे मला माहीत नव्हतं.

म्हणून मी तुमच्याशी बोलत होतो. मनातल्या मनात, गाडी चालवताना. तशी आपली सवयच होती. आपण दोघं पळताना जास्त बोलायचो आणि बसल्यावर गप्प व्हायचो.

सुरुवात आठवते का? लोणी देवकरच्या कंपनीत सत्तार नावाचा तुमचा दोस्त होता, मूळचा कोकणातला. त्यानं तुम्हाला पहिले बूट आणून दिले. त्या आधी तुम्ही कंपनीचे, बोटांवर लोखंडी टोपी असलेले बूट घालून पळत होतात आणि आवाजानं वस्तीवरची कुत्री भुंकत होती. दर रविवारी मी बारामतीहून मोटारसायकलवर यायचो. आपण तुमच्या वस्तीपासून उजनी धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यापर्यंत जायचो. उन्हाळ्यात पाणी मागं सरायचं, गाळाची जमीन उघडी पडायची, तिच्यावर कुणी ना कुणी मका नाहीतर कलिंगड लावलेलं असायचं, आणि त्याचा मालक हातात दगड घेऊन आपल्याकडं बघत उभा असायचा. दोन माणसं पहाटे पळताहेत म्हणजे कलिंगडं चोरूनच पळताहेत, असा त्याचा हिशेब. तुम्ही लांबूनच हात वर करून दाखवायचात की रिकामे आहेत.

तिथल्या पाण्याला तुम्ही समुद्र म्हणायचात. सत्तारला ते सहन झालं नाही. "एकदा चला आमच्याकडं," तो म्हणाला, "मग ह्याला समुद्र म्हणून दाखवा." आणि आपण गेलो.

तो फेरा मी आता डोळे मिटून सांगू शकतो. गावाच्या उत्तरेला डोंगराचं नाक समुद्रात घुसलेलं, त्याच्या पायथ्याशी सत्तारच्या आईचं घर. तिथून दक्षिणेकडं गेलं की सुरूचं बन. खाली सुरूच्या काड्यांचा थर, पायाखाली चटईसारखा. बन संपलं की वाळूच्या टेकड्या. आपल्याकडं टेकडी म्हणजे दगड आणि खुरटी झुडपं. ही नुसती वाळू, वर समुद्रवेल पसरलेली, जांभळी फुलं. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं पाऊल खाली. टेकड्या संपल्या की खाडीचं तोंड, तिथं होड्या ओढून ठेवलेल्या. तिथं वळायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेला परत. ओली, घट्ट वाळू, पळताना पाय आपोआप उचलणारी. आणि या सगळ्या फेऱ्याच्या बरोब्बर मधे, किनारा आणि टेकड्यांच्या मधल्या उंचवट्यावर, देवीचं छोटं देऊळ. जांभ्या दगडाचं, कौलारू, आत शेंदूर लावलेली शिळा.

पहिल्या दिवशी तुम्ही फेरा संपवलात, सत्तारच्या आईच्या अंगणात बसलात आणि तांब्याभर पाणी प्यालात. मग म्हणालात, "पाव्हणं, उजनीला मी समुद्र म्हनत होतो, ते शब्द मागं घेतले." तुम्ही कुठलाही शब्द मागं घेतलेला मी ऐकला तो तेवढाच.

त्यानंतर दर हिवाळ्यात आपण जायला लागलो. ऊस कारखान्याला गेला की तुम्हाला चार दिवस मोकळे मिळायचे आणि मी दुकानावर नोकराला बसवायचो. आणि दर हिवाळ्यात तेच भांडण. आधी टेकड्या की आधी किनारा?

माझं म्हणणं साधं होतं. आधी किनारा. पाय थंड असतात, घट्ट वाळूवर ते तापतात, मग टेकड्या. थंड पायांनी मऊ वाळू चढली की पोटऱ्या धरतात. हे मी मेडिकलच्या दुकानात बसून सांगत होतो असं नाही, माझ्या स्वतःच्या पोटऱ्या धरल्या होत्या. तुमचं म्हणणं, आधी टेकड्या. "जेवताना आदी कारलं खायचं, मग शिरा," तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचो, पळणं म्हणजे पंगत नाही. तुम्ही म्हणायचात, पाव्हण्यांना पंगतच कळती. असं करत करत आपण अंगणातून बाहेर पडायचो, मी उजवीकडं किनाऱ्याच्या बाजूला दोन पावलं टाकायचो, आणि तुम्ही तुमचं शेवटचं हत्यार काढायचात:

"देवाला डावीकडं टाकून कुनी जातं व्हय?"

कारण माझ्या बाजूनं गेलं की देवीचं देऊळ डाव्या हाताला यायचं. तुमच्या बाजूनं उजव्या. प्रदक्षिणा उजवी घालायची असते, हे काही मला शिकवायला नको होतं. पण आपण प्रदक्षिणेला आलो नव्हतो, पळायला आलो होतो, हे मी कितीदा सांगितलं. शिवाय तुम्ही काही देवाधर्माचे माणूस नव्हता. घरच्या सत्यनारायणाला तुम्ही प्रसादाच्या वेळेला उगवायचात. तेवढ्या एका वाक्यापुरते तुम्ही देवभक्त व्हायचात आणि मान जराशी वर उचलून ते म्हणायचात.  मग आपण टेकड्यांकडं जायचो, आणि माझ्या पोटऱ्या धरायच्या.

दुसऱ्या साली जे झालं ते आपण दोघांनी नात्यात कुणाला सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही. पहिल्या साली सत्तारच्या आईनं सांगितलं होतं की सकाळी सातला ओहोटी असते. आपण ते डोक्यात पक्कं केलं. आपण पाटाच्या पाण्यावर वाढलेली माणसं. पाण्याची पाळी ठरलेली असते: अमुक वार, अमुक वेळ, तुमचं पाणी. आजोबाच्या काळापासून तीच. त्यामुळं पुढच्या साली आपण कुणाला काही न विचारता पहाटे निघालो. टेकड्या केल्या, खाडीच्या तोंडाशी वळलो, आणि पाहतो तर किनारा नाही. जिथं वाळू असायला पाहिजे तिथं पाणी. तुम्ही थांबलात, कमरेवर हात ठेवलेत आणि अगदी रागानं म्हणालात, "आज पानी कुनी सोडलं?"

मी अजून हसतो त्याला. तेव्हा हसलो नव्हतो. टेकड्यांच्या कडेनं राहिलेल्या चिंचोळ्या पट्टीवरून आपण देवळापर्यंत आलो आणि तोवर देवळामागं खाडीचा जो फाटा येतो त्यातही पाणी चढलं. पुढं पाणी, मागं पाणी. आपण उंचवट्यावर देवीच्या पायरीवर बसलो. बूट काढून कठड्यावर वाळत घातले. पलीकडच्या काठावर सत्तारची आई आली, तिनं कपाळाला हात लावला आणि ओरडली, "अहो, भरतीची वेळ विचारायची की नाही?" तुम्ही ओरडून सांगितलंत, "तुमीच म्हनला होता, सातला!" ती म्हणाली, "ते त्या दिवशीचं! रोज पुढं सरते ती!"

तुम्ही माझ्याकडं वळून खरोखरच्या काळजीनं विचारलंत, "पाळी रोज बदलती? मग हितं लोकं एकमेकाची डोकी फोडत न्हाईत?"

पाणी उतरेपर्यंत आपण तिथं बसून राहिलो. आपण दोघं बसून बोललो असं ते बहुधा एकदाच. तुम्ही कंपनीबद्दल सांगितलंत. मशीनशेजारी आठ तास उभं राहायचं, आवाज एवढा की माणसाला हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागतो. "हितंबी आवाज हाय," तुम्ही समुद्राकडं बघत म्हणालात, "पर ह्यो आवाज काय काम सांगत न्हाय." मग म्हणालात, "तुमच्या अक्काला हे दावायला पायजे."

"मग दावा की," मी म्हणालो. "अडवलंय कुनी?"

"बघू. पुढल्या साली."

इथून आपलं दुसरं भांडण सुरू झालं आणि ते पहिल्यासारखं गमतीचं नव्हतं. पुढच्या साली तुम्ही एकटेच आलात. त्याच्या पुढच्याही. दर साली मी स्टँडवर विचारायचो, "अक्का?" आणि तुम्ही म्हणायचात, "पुढल्या साली." एकदा मी चांगलाच तापलो. म्हणालो, घरात ती म्हशी धुतीय, तुमच्या आईचं बघतीय, आणि तुम्ही हितं हवा खाताय. तिनं समुद्र टीव्हीवरच बघायचा का? भाऊ म्हणून बोललो. तुम्ही खाली बसलात आणि बुटाची नाडी बांधायला लागलात. नाडी बांधलेलीच होती. तुम्ही ती सोडलीत आणि परत बांधलीत. तुम्हाला उत्तर द्यायचं नसलं की तुम्ही नाडीच बांधायचात, हे मी नंतर ओळखायला शिकलो.

तुमचा राग आला होता, हे आता कबूल करायला काय हरकत आहे. आणि एक सांगतो, त्या रागासकट मला तुमच्याबरोबर पळायला आवडायचं. घरी परतल्यावर अक्का ओट्याच्या कोपऱ्यावर तुमचे बूट उलटे करून आपटायची. समुद्राची वाळू त्या एकाच जागी पडायची. तुमच्या काळ्या रानात, दगडी ओट्याच्या बुडाशी, हाताच्या पंजाएवढा पांढुरका डाग झालाय. दुखवट्याला आलेल्या माणसांनी त्यावर चपला काढल्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात टेकड्यांवर तुम्ही मधेच थांबलात. मी पुढं होतो, मागं वळून बघितलं तर तुम्ही उभे. दम लागला का म्हणून विचारलं. "न्हाय," तुम्ही म्हणालात, "बघतोय." काय बघत होता ते विचारलं नाही. गेले तेरा दिवस तो क्षण माझ्या डोक्यात फिरतोय. तात्यांचं म्हणणं खरं मानायचं तर तिथं काहीतरी दिसायला पाहिजे होतं मला. मी पुन्हा पुन्हा आठवून बघतो. तुमचा चेहरा नेहमीसारखाच होता. तुम्ही बघत होता, एवढंच मला आठवतं. खाली किनारा दिसत होता आणि कुणीतरी जाळं ओढत होतं.

त्याच दिवशी अंगणात बसल्यावर तुम्ही म्हणालात, "पाव्हणं, पुढल्या साली तुमच्या बाजूनं जाऊ. आदी किनारा."

मला खरं वाटलं नाही. इतकी वर्षं न हललेला माणूस असा अचानक हलला की संशयच येतो. मी म्हणालो, "मग देवीचं काय?"

"तेवढं इचारून सांगतो," तुम्ही म्हणालात.

"कुनाला? देवीला?"

तुम्ही वाकलात आणि नाडी बांधायला लागलात.

मी ती थट्टा समजलो. तसं समजायला आपल्यात जागा होती.

दहाव्यानंतर अक्काचा फोन आला. मी दुकानात होतो. तेराव्याला माहेरच्या माणसांनी दुखवटा न्यायचा असतो, विधवा झालेल्या बहिणीला भावानं साडी घालायची असते. मी साडी बघून ठेवली होती, फिकट निळी. अक्कानं सरळ विचारलं, "बापू, दुखवटा आननार हाईस न्हवं?"

"व्हय. साडी घेऊन ठिवलीय."

"साडी नको."

माझ्या हातातली गोळ्यांची पट्टी तशीच राहिली. साडी नको म्हणजे माहेर नको, असंच माझ्या मनात आलं. तात्या बोलले तेच तिच्या पोटात आहे, आता ती तोंडानं बोलणार, म्हणून मी वाट बघत राहिलो.

"बूट आन," अक्का म्हणाली. "पळायचे. माझ्या मापाचे. त्यांचे मी घालून बघितले, दोन बोटं मोठं हुत्यात."

 समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मी बोटानं थांबायला सांगितलं.

"तू त्यांच्यावर लई रागवायचास म्हनं," ती म्हणाली. "मला न्हेत न्हाईत म्हनून. त्यांनी मला सांगितलं हुतं. आरं, ते दरसाली म्हनायचे, चल. मीच जात नव्हते. साडीवर बूट घालून लोकांम्होरं कसं पळायचं? मला लाज वाटायची. मी म्हनायचे, पुढल्या साली."

"मग मला सांगायचं की त्यांनी."

"सांगतील कशाला? तू मग मला बोलला असतास."

दाजी, तिथं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गिऱ्हाईकानं बघितलं आणि ते नंतर येतो म्हणून निघून गेलं. तुम्ही माझी बोलणी खाल्लीत, दर साली, स्टँडवर, किनाऱ्यावर, आणि नाडी बांधत बसलात. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. तुमचे आभार मानायचे की तुमच्यावर पुन्हा चिडायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बारामतीत तिच्या मापाचे बूट शोधायला वेळ लागला. दुकानदार विचारत होता, कुणासाठी? मी सांगितलं, दुखवट्यासाठी. त्यानं खोकं बांधायला घेतलं.

काल मांडवात माझी पाळी आली. बाकीच्यांनी टॉवेल-टोप्या घातल्या, साड्या घातल्या. मी ताटात खोकं ठेवलं. तात्या जवळच बसले होते. "ह्ये काय आनलंय?" त्यांनी विचारलं. मी बोलायच्या आधी अक्कानंच झाकण काढलं. करड्या रंगाचे बूट, बाजूनं पांढरी रेघ. तुमची लेक हुंदका आवरत उठून आत गेली.

"बूट हायत, तात्या," अक्का म्हणाली. "माजे. मीच सांगितलं हुतं आनायला."

"आगं, पर ह्या पळन्यानंच..." तात्या म्हणाले.

"पळत हुते म्हनून इतकी वर्सं माज्याजवळ हुते," ती म्हणाली. "त्यांची आई म्हनायची, आमच्यात चाळिशी वलांडली की पुरुष मानूस आजारानं बसतंच. हे बसले न्हाईत. तुमी जेवून घ्या, तात्या. लापशी निवती."

तात्या जेवायला बसले. त्यांचं मत बदललं असेल असं मला वाटत नाही, पण परत त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिलो. तेरा दिवस छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं, आणि ते अक्कानं उचललं होतं, एवढं मला पुरेसं होतं. इथं हे बोलणं संपवलं असतं तरी चाललं असतं.

पण आज सकाळचं सांगायचं राहिलं.

रात्री मी वस्तीवरच राहिलो होतो. उजाडलं तसा मांडववाला बांबू काढायला आला. अक्का बूट घालून बाहेर आली. साडीचा काष्टा मारलेला, पदर खोचलेला. मी नाडी बांधायला वाकलो तर म्हणाली, "सोड. येती मला. इतकी वर्सं बघत हुते." तिनं बांधली. तुमच्यासारखीच, दोनदा गाठ.

कोकणात एकदम नको, आधी इथं जमतंय का बघू, असं ठरलं होतं. तुमचा घरचा फेरा आहेच. घरामागून बांधावर चढायचं, मधल्या लिंबाखालच्या म्हसोबाला वळसा घालायचा आणि विहिरीवरून परत. एका बाजूनं गेलं तर आधी चढाचा बांध लागतो. दुसऱ्या बाजूनं गेलं तर आधी सपाट गाडीवाट. मी सवयीनं गाडीवाटेकडं वळलो. चार पावलं गेल्यावर लक्षात आलं की मागं कुणी नाही. अक्का ओट्याच्या कोपऱ्याशी, त्या वाळूच्या डागाजवळ उभी होती.

"तिकडनं कुटं निघालास?"

"आधी सपाटी बरी, अक्का," मी म्हणालो. "पाय तापत्यात. मग चढ घ्यायचा. थंड पायानं..."

तिनं मान जराशी वर उचलली.

"देवाला डावीकडं टाकून कुनी जातं व्हय?"

मी तिच्याकडं बघत राहिलो. शब्द तेच, मान तशीच. तुमचंच वाक्य उचललंय म्हणालो तिला. ती पहिल्यांदा हसली, तेरा दिवसांत पहिल्यांदा.

"त्यांचं कशाचं? लगीन झाल्यावर म्हसोबाला नारळ फोडायला न्हेलं मला, तवा हेच निघालेले उलट्या बाजूनं. मी अडवलं. चार मानसांत मीच हे वाक्य म्हनले. लई लाजले हुते. तवापास्नं जे काय करायचं ते उजव्या हातानं, गप."

आणि ती बांधाकडं चालायला लागली, मग जरा पळायला.

म्हणजे दाजी, इतके हिवाळे त्या टेकड्यांच्या पायथ्याशी मी भांडलो तो तुमच्याशी नव्हे. तुम्ही तिला आणत नाही म्हणून मी तुम्हाला बोलत होतो, आणि तुम्ही तिचंच म्हणणं पाळत दर साली तो फेरा घालत होता.

मी तिच्या मागोमाग बांधावर चढलो, म्हसोबा उजव्या हाताला ठेवून. पोटऱ्या धरल्या. येत्या हिवाळ्यात आम्ही दोघं कोकणात जाऊ, भरतीची वेळ आधी विचारून. तुम्ही तिलाच विचारून सांगतो म्हणाला होतात. विचारायचं राहूनच गेलं असेल. उत्तर मला मिळालंय. आधी टेकड्या.